वाळूशेठ

आपल्याकडे नदीकाठच्या तालुक्यात ‘वाळूशेठ’ म्हटलं, की गळ्यात साखळी, दारात डंपर आणि खिशात तलाठी असा इसम डोळ्यांपुढे येतो. तो वाळू उपसतो आणि गबर होतो. आखातातला मराठी वाळूशेठही वाळूच उपसतो; पण स्वतःच्या गाडीच्या चाकाखालची, हातभर फावड्याने, आणि त्यापायी दरवर्षी थोडा थोडा गरीब होतो.

शारजा-दुबईच्या दर चार इमारतींत असा एक सापडतो. आमचा सातव्या मजल्यावर राहतो. मूळ रत्नागिरीचा, नोकरी एसीच्या कंपनीत. अख्ख्या टॉवरला गार ठेवण्याचं गणित तो बोटांवर करतो. फक्त त्याच्या जीपचा एसी जून ते सप्टेंबर चालत नाही.

जीप अमेरिकेतून आलेली, सेकंडहँड. घेताना त्याने किंमत पाहिली आणि रंग पाहिला. इथले जाणते आधी ‘स्पेक’ विचारतात. आखातासाठी बांधलेल्या गाडीला रेडिएटर मोठा असतो, एसी दांडगा असतो. अमेरिकेसाठी बांधलेली गाडी इथे स्वस्त मिळते. का मिळते, ते जुलैत कळतं. तिचा काटा मैलांत बोलतो आणि पडदा फॅरेनहाइटमध्ये. ऑगस्टच्या दुपारी बाहेरचं तापमान ११८ असं झळकलं, की गावाहून आलेला पाहुणा दाराची कडी शोधू लागतो. शेठ त्याला धीर देतो, “घाबरू नका हो, ४८च आहे.”

एकदा मी सहज विचारलं, “रेडिएटरमध्ये नुसतं पाणी घातलं तर काय बिघडतं?” त्या प्रश्नाची शिक्षा पाऊण तास चालली. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी. झाकणाने पंधरा पीएसआयचा दाब धरला, की उकळायला सव्वाशे अंश ओलांडावे लागतात. झाकणाचं रबर वाळलं, की दाब गेला आणि सगळं मुसळ केरात.

“म्हणजे कुकरसारखंच,” वहिनी आतून म्हणाल्या. “पण कुकरमधून निदान भात तरी मिळतो.”

इथल्या उन्हात गाडी धावली नाही तरी म्हातारी होते, हे शेठचं आवडतं सूत्र. बॅटरी दोन उन्हाळे काढते, तिसऱ्याचा भरवसा नाही. रबरी बुश टाचांसारखे भेगाळतात. एअर फिल्टर झटकला की पीठगिरणी आठवते. नक्षी शाबूत असली तरी टायर नुसत्या वयाने जातो, म्हणून जन्मतारीख पाहिल्याशिवाय तो टायर घरात घेत नाही. कडेला चार आकडे असतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. स्वतःच्या लग्नाची तारीख तो फोनमध्ये बघतो. टायरांच्या चारही तारखा तोंडपाठ.

त्याचे वैद्य औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. पेशावरकडचे उस्ताद, वय साठीचं, हाताला ग्रीसचा कायमचा रंग. पहिल्या भेटीत त्यांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि हळूच मिटलं. “अरबाब, गाडी अच्छा है. मुल्क गलत है.” शेठला ते फार लागलं. गाडीच्या वतीने लागलं की आणखी कुणाच्या, ते त्याने सांगितलं नाही.

ऑक्टोबर लागला की शेठचा मोसम सुरू. एका शुक्रवारी मलाही नेलं, हत्ता रस्त्यावरच्या ‘बिग रेड’ या तांबड्या टेकाडावर. वाळूच्या तोंडाशी थांबून त्याने टायरांची हवा पस्तिसावरून पंधरावर आणली. “टायर पसरला पाहिजे, उंटाच्या पावलासारखा.” टायर पसरला. नंतर गाडीही पसरली. बुडापर्यंत. आम्ही दीड तास उपसलं. शेवटी पांढरा कंदुरा घातलेला एक पोरगा लँड क्रूझर घेऊन आला, दोर अडकवला, दोन मिनिटांत आम्हाला ओढून काढलं आणि निघून गेला. त्याच्या कंदुऱ्याची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती.

“रत्नागिरीला मांडवीच्या वाळूत आपण पायीच जायचो, नाही का हो?” पोह्यांचा डबा उघडत वहिनी म्हणाल्या. शेठ ऐकत नव्हता. इंजिनातून येणारा एक नवा आवाज त्याला ऐकू आला होता, आणि त्याचा चेहरा उजळला होता.

गाडी चालवण्यात त्याचं मन नाहीच, हे मला त्या दिवशी कळलं. कोकणात त्याचे वडील मे महिन्यात घर शाकारायला छपरावर चढत. फुटकी कौलं काढायची, नळे सारखे करायचे. पाऊस येणारच, मग हात चालवलाच पाहिजे. इथे सातव्या मजल्यावर काय शाकारणार? बल्ब गेला तरी फोन करायचा, माणूस येतो. म्हणून सप्टेंबरच्या रात्री शेठ तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीखाली शिरतो. तिथे दुरुस्तीला बंदी आहे. पण इमारतीचा नातूर, म्हणजे रखवालदार, एका करक चहावर पाठ फिरवतो.

परवा मी खाली गेलो. गाडीखालून दोन पाय बाहेर दिसत होते. वहिनी चहा घेऊन उभ्या.

“विकून का टाकत नाही?” मी पायांना विचारलं.

“विकून करू काय?” आतून आवाज आला. “फ्लॅट मालकाचा, व्हिसा कंपनीचा. गाडीच्या कागदावर, मुल्कियावर, तेवढं माझं नाव आहे.”

“बँकेचंही आहे,” वहिनींनी दुरुस्ती केली.

खाली थोडा वेळ नुसता पाना वाजला. मग आवाज आला, “तुम्ही जरा बॅटरी धरा.”

“कुठली? गाडीची?”

“गाडीची कालच गेली. हातातली धरा.”