गाडीतला हॅम

नवी गाडी घेताना चारचौघांचं लक्ष मायलेज, रंग आणि हप्त्याकडे असतं. हॅमचं लक्ष टपाकडे असतं. शोरूममधला पोरगा सहा एअरबॅगांचं कौतुक सांगत असताना हा खिशातून लोहचुंबक काढतो आणि टपाच्या मधोमध लावून बघतो. चिकटलं तर गाडी चांगली. बायकोला पॅनोरमिक सनरूफ हवं असतं. पण काचेला चुंबक चिकटत नाही, म्हणून ते मॉडेल तिथल्या तिथे बाद. "अगं, ऊन फार येतं त्यातून," एवढंच कारण घरी सांगितलं जातं.

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. रीतसर परीक्षा देऊन संचार मंत्रालयाचा परवाना मिळवलेला, आणि बहुधा व्हीयू टू किंवा व्हीयू थ्रीने सुरू होणारं कॉलसाइन मिरवणारा. राजीव गांधींचं कॉलसाइन व्हीयू टू आरजी होतं, हे तो ओळख झाल्यावर दुसऱ्या वाक्यात सांगतो. स्वतःचं नाव सांगायला पाचवं वाक्य उजाडतं.

प्रश्न तसा साधा असतो: पुण्याहून मुंबईला जाताना गाडीत कोणता हँडसेट न्यावा? घरात तीन असतातच. पहिला चिनी, स्वस्त. तो खिशात शहाणा असतो. पण टपावरची अँटेना जोडली की शहरातल्या दांडग्या ट्रान्समीटरांच्या गलक्यात त्याचे कान बसतात. दुसरा जपानी. त्याची खरी किंमत फक्त हॅमला आणि त्याच्या क्रेडिट कार्डाला माहीत. तिसरा बिघडलेला, पण 'सुट्या भागांसाठी' जपलेला. चालू असलेले दोन्ही पाच-पाच वॅटचेच. तरी चौथा बघणं चालू असतं.

मग अँटेना. हँडसेटबरोबर आलेली बोटभर रबरी अँटेना गाडीच्या आत निम्मी मुकी होते, कारण गाडी म्हणजे चारी बाजूंनी पत्रा. अँटेना बाहेर हवी, चुंबकी बैठकीने टपाला चिकटलेली हवी आणि मधोमध हवी; तिथे तोच पत्रा तिला आधाराची जमीन होतो. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तरंगाची लांबी साधारण दोन मीटर, म्हणजे पाव तरंगाची काडी जेमतेम अर्धा मीटर. गंमत म्हणजे तीच काडी ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास पाऊण तरंगाची होऊन तिथेही चालते. हे तो इतक्या आनंदाने सांगतो की काडीचा शोध त्याच्याच घराण्यात लागला असावा असं वाटतं.

काडी आली की कनेक्टरांची पत्रिका जुळवायची. चिनी सेटला नर, जपान्याला मादी, आणि अँटेनाच्या केबलला तिसऱ्याच जातीचा जाडजूड प्लग. मधे अडॅप्टर, अडॅप्टरला अडॅप्टर. एवढं लटांबर हँडसेटच्या नाजूक मानेवर लटकलं की मान मोडते, म्हणून मधे बारीक केबलचा तुकडा घालायचा. तो तुकडाच घालायचा बरं. सगळी चार मीटर केबल बारीक घेतली तर पाचातला दीडेक वॅट वाटेतच जातो.

यानंतर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती जोर परत येतो त्याचं माप. मीटर दीड दाखवतो. दीड म्हणजे शंभरातला चार टक्के जोर परत येतो. पाच वॅटमधला जेमतेम एक पंचमांश वॅट. जगातल्या कुठल्याही कानाला हा फरक कळत नाही. तरी रविवारी सकाळी हॅम पार्किंगमध्ये पक्कड घेऊन काडी मिलिमीटर-मिलिमीटर कापत उभा. दीडाचा सव्वा होतो, सव्वाचा एक पूर्णांक एक होतो, आणि मग हात जरा जास्त चालतो. दुपारी नवी काडी.

एवढी तयारी करून निघालं की कायदा आडवा येतो. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीनुसार गाडी चालवताना हातात धरायचं संपर्कसाधन वापरणं म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंग. म्हणून सेट बायकोच्या हातात. पण तिच्याकडे परवाना नाही, त्यामुळे तिने धरायचा, बोलायचं नाही. संसारातली ही वाटणी तिला नवी वाटते.

"अहो, कोणीतरी बोलावतंय यात!"

"ऐकू येतंय. बटण दाबू नकोस."

कामशेतच्या बोगद्यात आवाज तुटतो, घाटात डोंगर आडवा येतो. शेवटी फूड मॉलला गाडी लागते, आणि बटाटवडा निवत असताना दुसऱ्या एका हॅमशी संवाद होतो.

"कसा येतोय आवाज?"

"फाइव्ह नाइन. माझा?"

"फाइव्ह नाइन. अँटेना कुठली?"

"पाव तरंग. तुमची?"

"पाव तरंग. सेव्हंटी थ्री!"

फाइव्ह नाइन म्हणजे स्वच्छ, दणदणीत आवाज; सेव्हंटी थ्री म्हणजे शुभेच्छा. संवाद संपला. लगेच मोबाइल वाजतो, तोच माणूस. "ऐकलंत ना? एकदम स्वच्छ येत होता हो!" आणि मग मोबाइलवर वीस मिनिटं, रेडिओविषयी.

हसून झालं की एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. २००१ च्या भूकंपानंतर भूजमध्ये फोन मुके झाले, तेव्हा निरोप पोचवायला हीच जमात धावली. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारतीय हॅमची एक तुकडी निव्वळ हौसेपायी पोर्ट ब्लेअरमध्ये जाऊन बसली होती. अंदमानची खबर मुख्य भूमीला द्यायला तिचे सेट कामी आले. मनोरे पडले, वीज गेली, तरी गाडीची बॅटरी आणि अर्धा मीटर काडी चालू राहते. रविवारच्या पक्कडबाजीचा हिशेब असा कधीतरी एका दिवसात चुकता होतो.

तेव्हा तुमच्या इमारतीत असा कोणी असेल तर सोसायटीच्या सभेत त्याच्या गच्चीवरच्या अँटेनाला हरकत घेऊ नका. तुम्हालाच ही हौस करायची असेल तर आधी परवाना, मग पाच वॅटचा कुठलाही बरा सेट आणि टपाच्या मधोमध पाव तरंगाची काडी. याहून जास्त काही लागत नाही. हे उत्तर त्यालाही पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, पण ते त्याला विचारू नका, संध्याकाळ जाईल. आणि मुंबईला वेळेवर पोचायचं असेल, तर शिवनेरी पकडा.