एक्कावन्नावा मीटर

गणपतीत कोकणात पिशव्यांची मोठी गमतीदार अदलाबदल चालते. मुंबईचा चाकरमानी गावच्या पोरांसाठी क्रीमची बिस्किटं, वेफर्स आणि नूडल्सची पाकिटं घेऊन उतरतो. जाताना त्याच पिशवीत नाचणीचं पीठ, कुळथाची पिठी, आमसुलं आणि आगळाची बाटली कोंबून नेतो, कारण मुंबईच्या डॉक्टरने ‘शुगर’ सांगितलेली असते. म्हातारी विचारते, “मेल्या, लहानपणी नाचणीची भाकरी बघून पळायचास, आता रे काय झालं?” तो म्हणतो, “आये, तिकडे फार महाग मिळते गं.” गाव मुंबईचं खातो, मुंबई गावचं खाते, आणि आपल्याला जास्त चांगलं मिळालं असं दोघांनाही वाटतं.

आमचं अलोरे कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, चिपळूण तालुक्यात. कोळकेवाडी धरणाच्या पाण्यावर कोयनेच्या तिसऱ्या टप्प्याची ३२० मेगावॉट वीज इथे सत्तरच्या दशकापासून तयार होते. प्रकल्पाची वसाहत आली, घाटावरची माणसं आली, पगाराची तारीख आली आणि पगारामागून दुकानं आली. आता कोणत्याही दुकानासमोर उभे राहा, दुकानदाराचा चेहरा दिसायच्या आधी पाकिटांच्या माळा दिसतात. पाच रुपयांची, दहा रुपयांची, चकचकीत. त्यांच्याआड तो बिचारा तांदूळ, डाळ आणि कांदेबटाटे विकत बसलेला असतो.

या माळांविरुद्ध सरकारने युद्ध पुकारलेलं आहे, हे सप्टेंबर उजाडला की कळतं. २०१८ पासून सप्टेंबर हा पोषण महिना. त्यात भाज्यांची रांगोळी निघते, घोषणा होतात, पाककृतींची स्पर्धा होते. नाचणीचे लाडू, नाचणीचे मोमो, नाचणीचा केक असं काय काय टेबलावर मांडलं जातं. मग प्रमुख पाहुणे ‘पॅकेटबंद पदार्थांचे दुष्परिणाम’ या विषयावर बोलायला उठतात आणि त्यांच्यापुढे चहाबरोबर बिस्किटांची बशी येते. पाहुणे दोन घेतात. तिसऱ्याला नको म्हणतात, हाच काय तो संयम.

भाषणांचा सूर ठरलेला. ‘आजच्या आईला वेळ नाही’, ‘आजच्या आईला आळस आला आहे’, ‘आपली परंपरा विसरत चाललो आहोत’. आजच्या बापाचा उल्लेख या भाषणांत मी अजून ऐकलेला नाही. तो बहुधा बाहेर मंडप बांधत असावा.

आता थोडे आकडे, कारण आकडे दिले की सदर अभ्यासपूर्ण वाटतं. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भारताच्या दरमहा खर्चातला ९.६२ टक्के वाटा ‘पेयं, अल्पोपाहार आणि प्रक्रिया केलेलं अन्न’ या खात्यावर पडला. तांदूळ, गहू, ज्वारी, नाचणी सगळं धान्य मिळून साधारण पाच टक्के. त्यात टपरीचा चहा आणि बाहेरचं जेवणही धरलेलं आहे, शिवाय रेशनचं धान्य स्वस्त किंवा फुकट असल्याने धान्याचा आकडा खाली दिसतो, हे कबूल. तरी खेड्यातलं घर धान्याच्या जवळपास दुप्पट पैसे या खात्यावर घालवतं, ही गोष्ट उरतेच. दुसरा आकडा २०१९ च्या वेळेच्या पाहणीतला. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बाया त्यांत दिवसाची २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७. ही ९७ मिनिटंसुद्धा फक्त काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी. एखाद्या दिवशी घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात शंभरात २६.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की पाकीट कशावर विकलं जातं ते कळतं. चवीवर थोडं, जाहिरातीवर थोडं. बाकी सगळं वेळेवर. पोरगं शाळेतून आलं आहे, गुरांना पाणी द्यायचं आहे, सासऱ्यांची गोळी चुकली आहे आणि बचत गटाची बैठक चारला आहे. अशा वेळी पाच रुपयांत पंधरा मिनिटांची शांतता मिळत असेल तर ती कोण घेणार नाही? व्याख्याते सांगतात, पाकीट देऊ नका. पंधरा मिनिटं कोण देणार, ते सांगत नाहीत.

नाचणी कुठे गेली, हा प्रश्नही याच माळेतला. ती कोणी विसरलं नाही. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी, हरीक व्हायचं. राब भाजा, रोपं काढा, चिखलपावसात उतारावर लावा, बेणा, कापा, झोडपा, पाखडा. यासाठी माणसं लागतात, आणि कोकणातली माणसं दादर-परळला पिढ्यान्‌पिढ्या निर्यात झाली. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागेला शंभर टक्के अनुदान मिळायला लागलं, तेव्हा वरकसावर काजू आणि आंबा चढला. त्यात वाईट काही नाही. काजूला दरवर्षी लावणी लागत नाही. जिथे कोणी हट्टाने नाचणी लावलीच, तिथे ती माकडं आणि रानडुकरं खातात. तृणधान्याचं महत्त्व कोकणात आज कोणाला निर्विवाद पटलं असेल तर ते रानडुकराला.

सरकारचंही नाचणीवर प्रेम आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं. २०२५-२६ साठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये आहे आणि साध्या भाताचा २,३६९, म्हणजे दुपटीहून जास्त. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तर तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असं स्पष्ट लिहिलेलं होतं. आता धान्य फुकट झालं, तरी आमच्याकडच्या रेशनच्या थैलीतून तांदूळ आणि गहूच निघतात. एक रुपयाची नाचणी कायद्यातच सुखरूप राहिली. कायदा कोणाला खाता येत नाही, त्यामुळे तिला डुकरांचीही भीती नाही.

बरं, ज्याला त्याला ‘प्रक्रिया’ या नावाने झोडपण्यातही अर्थ नाही. कोकणातल्या सासवा प्रक्रियाउद्योगच चालवत होत्या. आमसूल, सांडगे, पोह्याचे पापड, फणसपोळी, मेतकूट, भाजणी, सुकवलेला जवळा हे सगळं प्रक्रिया केलेलंच अन्न, आणि पावसाच्या चार महिन्यांची तरतूद त्यावरच चालायची. कुळथाची पिठी तर आमचं मूळ इन्स्टंट फूड. डब्यात भाजून दळलेलं पीठ तयार असलं की लसणीची फोडणी, मिरची, दोन आमसुलं, पाण्यात कालवलेलं पीठ, एक उकळी आणि वर गरम भात. दहा मिनिटांत पान वाढून होतं. शंभर ग्रॅम कुळथात वीस ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. घरी एवढं असताना बाळाच्या हाडांसाठी रंगीत डब्यातली गोड पावडर ढवळून पाजणं, याला मार्केटिंगवाल्यांची कर्तबगारी म्हणावं लागेल. मी टोपी काढतो.

फरक कशात आहे, हे ब्राझीलच्या कार्लोस मोंतेइरो यांनी २००९ मध्ये मांडलं. अन्नावर प्रक्रिया झाली का, यापेक्षा ती किती आणि कशासाठी झाली ते बघा, असं त्यांचं म्हणणं. आमसूल टिकावं म्हणून वाळवतात. पाकिटातला पदार्थ बनवतानाचा हिशोब वेगळा असतो: तुमचा हात पाकिटातून बाहेर येता कामा नये. २०१९ मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी वीस माणसांना दवाखान्यात ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. साखर, मीठ, चरबी, तंतू यांचं प्रमाण दोन्ही ताटांत सारखं जुळवलेलं, आणि हवं तेवढं खायची मुभा. पाकिटी आहारावर माणसं रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खाऊन गेली. लोकांना आपण खादाड आहोत असं वाटतं, म्हणून हे सांगितलं. हात आपला असला तरी हिशोब दुसऱ्याचा असतो.

यावर सरकारी तोडगा असा की, ग्राहकाने लेबल वाचावं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी सतरा मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यातलं एक लेबल वाचण्याचंच आहे. चला, वाचू. पुढच्या बाजूला शेत, ऊन, हसरी म्हातारी आणि ‘नाचणी’ ही मोठी अक्षरं. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या टायपात घटक. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, एवढं लक्षात ठेवलं तर पुरे. मैदा पहिला, साखर दुसरी, पामतेल तिसरं आणि नाचणी कुठेतरी पाहुणीसारखी दाराशी उभी, असा क्रम दिसला की काय समजायचं ते समजावं. आता यातली खरी मेख. कायद्याने लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की झालं. मराठीची सक्ती नाही. म्हणजे अलोऱ्याच्या वहिनींनी लेबल वाचायचं, पण दुसऱ्याच्या भाषेत, भिंग लावून, पोरगं पदर ओढत असताना.

चिलीने २०१६ मध्ये सोपा उपाय केला. साखर-मीठ जास्त असेल त्या पाकिटावर पुढच्या बाजूला काळा अष्टकोन. निरक्षर माणसालाही कळतं. आपण २०२२ मध्ये पाकिटांना अर्ध्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत तारे द्यायचा मसुदा काढला. इशारा द्यायच्या ऐवजी गुणगौरवच की! २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांत काय ते ठरवा म्हणून सांगितलं, आणि जुलैत आणखी तीन महिने दिले. मात्र कराच्या बाबतीत आपण ढिले नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, फरसाण आणि नूडल्सवरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आला. पाकीटबंद नाचणीच्या पिठावरही पाच टक्केच आहे. समतेचा विचार महाराष्ट्राला नवा नाही, पण क्रीम बिस्किटाला आणि नाचणीला एका पंगतीत बसवण्याइतका तो पुढे जाईल असं वाटलं नव्हतं.

राहता राहिली शाळा. २०१७ मध्ये महाराष्ट्राने शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हटवलं. कोकणातल्या शाळांना उपाहारगृह कुठलं, त्यामुळे इथे अंमलबजावणी शंभर टक्के झाली. नंतर केंद्राच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत असले पदार्थ विकायला मनाई केली. पन्नास. डोंगर उतरून शाळेत येणाऱ्या पोराला पन्नास मीटर म्हणजे किती, हे दिल्लीत कोणी विचारलेलं दिसत नाही. त्याचा खाऊ एक्कावन्नाव्या मीटरवर सुखाने लटकतो, आणि ते अंतर तो मधल्या सुट्टीची घंटा वाजून संपायच्या आत कापतो.

आणि शाळेच्या आत? शालेय पोषण आहारात नाचणीचं सत्त्व आणि अंडं आलं होतं, म्हणून आम्ही मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या. जानेवारी २०२५ मध्ये निर्णय निघाला: अंड्यासाठी आणि गोडाच्या साखरेसाठी सरकार वेगळा पैसा देणार नाही, हवं असल्यास लोकसहभागातून जमवा. राज्यात निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारच्याच कुटुंब आरोग्य पाहणीत नोंदलेलं. तरी अंडं हा लोकवर्गणीचा विषय ठरला. गणपतीची वर्गणी, पालखीची वर्गणी, क्रिकेटच्या टुर्नामेंटची वर्गणी, आणि आता अंड्याची. पावतीपुस्तक छापून घ्यायला हरकत नाही. ढाल आणि मेडलांवर गाव जेवढे पैसे उडवतो, त्यात वर्षभर शाळेतलं प्रत्येक पोर आठवड्याला एक अंडं खाईल, असा माझा अंदाज आहे. पण अंडं देऊन फोटो निघत नाही. सोललेलं अंडं हातात धरून सरपंच कसे दिसतील?

म्हणून भाषणं बंद करून कामाचं बोलू. घरात पिठाचा डबा भरलेला असेल तर नूडल्सशी स्पर्धा करता येते; डबा रिकामा असेल तर परंपरेवर कितीही बोललं तरी संध्याकाळी पाकीटच फुटणार. डबा भरायचं काम महिन्यातून एकदाचं आहे. कुळीथ निवडायचे, भाजायचे, भरडायचे, साल पाखडून उडवायची, दळून आणायचे. नाचणी भिजवून मोड आणून वाळवायची, तीही दळून आणायची. यातलं एकही काम करायला बाईच लागते असं शास्त्र नाही. गिरणीपर्यंत पिशवी न्यायला तर मिशीसुद्धा चालते. बचत गटाने पिठं करून विकायची असतील तर गावातल्या पुरुषांनी ती विकत घ्यावीत, ‘आमच्या हिच्या हातची चव नाही’ असं न म्हणता. चाकरमान्यांनी येताना पाकिटांच्या ऐवजी पोरांसाठी खजूर, शेंगदाणे आणले तर गावात कोणी उपाशी मरणार नाही. पहिल्या वर्षी पोरं रुसतील एवढंच.

आणि रविवारी सकाळी कट्ट्यावर बसून जे दोन तास देशाचं आरोग्य सुधारतात, त्यांना कुळीथ भाजायला बसवावं. आच मंद लागते आणि हात सारखा हलता ठेवावा लागतो. मोबाइल बघत भाजले तर करपतात.