एम. सिंग, तुझी बॅग पोहोचली

एम. सिंग यास,

पत्राच्या आरंभी नमस्कार लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुला तो मिळणार नाही. तुझं खरं नाव ठाऊक असतं तर वर तेच लिहिलं असतं, पण चाळीस वर्षं उलटली तरी कोर्टासमोर ते आलेलं नाही. तेव्हा तिकिटावर जे होतं तेच वापरतो. तुझ्या पराक्रमाची उजळणी करायची आहे, नीट ऐक.

२२ जून १९८५, शनिवारची सकाळ, व्हँकुव्हर विमानतळ. दोन दिवसांपूर्वी कुणीतरी ३,००५ डॉलर रोख मोजून दोन तिकिटं नेली होती. त्यातलं एक तुझं. टोरंटोपर्यंत तुझी जागा पक्की होती, पुढे एअर इंडियाच्या विमानात मात्र तू प्रतीक्षायादीत होतास. काउंटरवरच्या बाईंनी नियम सांगितला : पुढचं तिकीट पक्कं नाही, तर बॅग टोरंटोपर्यंतच जाईल. तू हुज्जत घातलीस. मागे रांग वाढत होती, लोक कुरकुरत होते. शेवटी बाईंनी हार मानली आणि बॅगेला दिल्लीपर्यंतचा टॅग लावला. त्यांना मी दोष देत नाही. रांग तुंबली की काउंटरवरचा माणूस नमतं घेतो, हे ओळखूनच तू आवाज चढवला होतास.

मग तू निघून गेलास. टोरंटोच्या विमानातली १०बी ही तुझी जागा रिकामी गेली. माणूस आला नाही, त्याची बॅग मात्र आली, हे कुणी ताडून पाहिलं नाही.

टोरंटोत ती बॅग एअर इंडियाच्या सामानात मिसळली. सामान तपासणारं क्ष-किरण यंत्र त्याच दुपारी बंद पडलं. मग स्फोटकांचा वास घेणारं हातातलं उपकरण आणलं. जानेवारीतल्या चाचणीत ते कुचकामी ठरलं होतं. तरी ते एका बॅगेपाशी वाजलं, पण वाजल्यावर काय करायचं हे त्या खासगी रक्षकांना कुणी शिकवलंच नव्हतं. बॅग पुढे गेली. आणि पोलिसांची वास घेणारी कुत्री? ती प्रशिक्षणासाठी व्हँकुव्हरला होती. जिथून तू बॅग पाठवलीस, त्याच शहरात.

दुसऱ्या दिवशी, २३ जूनला, आयर्लंडच्या किनाऱ्यापासून सुमारे १९० किलोमीटरवर, ३१ हजार फूट उंचीवर एअर इंडियाचं ‘सम्राट कनिष्क’ हे विमान फुटलं. ३२९ माणसं गेली. त्यातली २६८ कॅनडाची नागरिक होती, बहुतेक भारतीय वंशाची. शाळांना सुट्टी लागली होती, आया मुलांना घेऊन आजी-आजोबांकडे निघाल्या होत्या. विमान लंडनमार्गे दिल्लीला आणि तिथून मुंबईला यायचं होतं. समुद्राने १३१ देह परत केले. ज्या नावाआड तू लपलास, त्या नावाची माणसंही त्या विमानात होती. सहवैमानिक सतविंदर सिंग भिंदर त्यांतलेच. कुणाच्या नावाने लढत होतास तू?

तुझ्या जोडीदाराची, त्या ‘एल. सिंग’ची बॅग टोकियोला गेली होती. कनिष्कच्या पंचावन्न मिनिटं आधी ती नारिता विमानतळावर फुटली आणि सामान हलवणारे दोन जपानी कामगार ठार झाले. पंजाबशी, तुझ्या खलिस्तानशी, त्यांचा काय संबंध होता?

आता तुला तुझ्या खऱ्या मदतनिसांची ओळख करून देतो. १ जूनला, म्हणजे तीन आठवडे आधी, एअर इंडियाच्या मुंबईच्या मुख्यालयातून सगळीकडे टेलेक्स गेला होता : नोंदवलेल्या सामानात ठरावीक वेळेनंतर फुटणारं स्फोटक ठेवण्याचा प्रयत्न होऊ शकतो, सावध राहा. तू जे केलंस, अगदी तेच त्यात लिहिलं होतं. हा टेलेक्स कॅनडाच्या माउंटेड पोलिसांच्या हाती पडला, पण तिथल्या गुप्तचर संस्थेकडे तो गेला नाही. कॅनडाच्या अधिकाऱ्यांचा ग्रह असा होता की एअर इंडिया सारखी ओरड करते, कारण तिला फुकटात जादा पोलीस बंदोबस्त हवा असतो. हे आरोप कुणा भारतीयाचे नाहीत. कॅनडाच्याच सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाने २०१० साली हे सगळं सविस्तर नोंदवलं आहे.

आणि हे एकच नव्हे. या कटाचा सूत्रधार मानला गेलेल्या तलविंदर सिंग परमारला आमच्या ताब्यात द्या, असं भारताने कॅनडाला १९८२ मध्येच सांगितलं होतं. नकार मिळाला. ४ जून १९८५ रोजी कॅनडाच्या गुप्तचरांनी त्याचा आणि त्याचा साथीदार इंदरजित सिंग रेयातचा पाठलाग करत कॅनडातल्या डंकन गावाजवळचं रान गाठलं, आतून मोठा आवाज ऐकला आणि बंदुकीचा बार समजून परत फिरले. नंतर त्याच संस्थेने परमारच्या फोनच्या दीडशेहून जास्त टेप पुसून टाकल्या. तुला एकाही देशाचं यंत्र वा कुत्रं चुकवावं की कुलूप फोडावं लागलं नाही. दोन सरकारांचा एकमेकांच्या शब्दावर विश्वास नव्हता. त्या फटीतून तुझी बॅग आरामात गेली.

उलटं उदाहरणही देतो, म्हणजे तुझ्या टोळीला जिथे तडाखा बसला ते कळेल. नारिताच्या जमिनीवर विखुरलेले तुकडे जपानी पोलिसांनी एकेक करून वेचले. त्यातून सान्यो कंपनीच्या एका ट्यूनरचं मॉडेल ओळखलं. तो डंकनमध्ये विकला गेला होता, घेणारा रेयात होता. कॅनडाच्या पोलिसांनी तो धागा धरला, ब्रिटनने रेयातला पकडून १९८९ मध्ये कॅनडाच्या हवाली केलं आणि १९९१ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. तीन देशांनी कागद एकमेकांपुढे ठेवले, तेव्हा एक माणूस गजाआड गेला. कनिष्कच्या ब्लॅक बॉक्सच्या पेट्याही अशाच सहकार्याने दोन किलोमीटरहून खोल पाण्यातून वर आल्या आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तपासल्या गेल्या. या सगळ्या कटात शिक्षा झालेला माणूस आजवर रेयात हाच एक. खटला चाललेले बाकी दोघे आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले, परमार १९९२ मध्ये पंजाबात मारला गेला. तू कुठे आहेस?

कॅनडाच्या पंतप्रधानांनी तेव्हा राजीव गांधींना फोन करून सांत्वन केलं. मेले ते बहुतेक त्यांचेच नागरिक होते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. या लोकांना आपलं म्हणून सरकारने माफी मागायला २०१० उजाडावं लागलं. ती पंचवीस वर्षं त्या कुटुंबांनी कशी काढली, याचा तू कधी विचार केलास का?

तुझ्यानंतर कॅनडाने नियम केला : प्रवासी विमानात नसेल, तर त्याची बॅगही उतरवायची. जगभर तो पसरायला वेळ लागला आणि १९८८ मध्ये लॉकरबीवर पुन्हा एका बेवारशी बॅगेने २७० जीव घेतले. आज आपण बॅग देऊन विमानात चढलो नाही की खाली तिचा शोध सुरू होतो आणि विमान खोळंबतं. त्या अर्ध्या तासाला नावं ठेवणाऱ्या प्रत्येकाला कनिष्क माहीत असायला हवं.

तुझ्या जातीची माणसं संपलेली नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका खलिस्तानवाद्याने व्हिडिओ काढून लोकांना १९ तारखेला एअर इंडियाने प्रवास न करण्याची धमकी दिली. त्याच सुमारास दोन्ही सरकारांचं भांडण विकोपाला जात होतं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दोघांनी एकमेकांचे सहा-सहा राजनैतिक अधिकारी घालवून दिले. भांडणाची कारणं गंभीर आहेत, त्यांची शहानिशा व्हायलाच हवी. पण दहशतवादविरोधी संयुक्त कार्यगट १९९७ पासून आहे, त्याची दारं राजदूतांच्या येण्या-जाण्यावर उघडबंद होता कामा नयेत. दिल्ली आणि ओटावा यांना माझं सांगणं एवढंच : तुम्ही जाहीरपणे हवं तेवढं भांडा, पण टोरंटोच्या सामानाविषयी मुंबईहून आलेला निरोप त्याच दिवशी योग्य टेबलावर पोहोचला पाहिजे, आणि तिकडून आलेला इकडेही. आता उच्चायुक्त परत नेमले गेले आहेत, तेव्हा हे काम पहिल्यांदा लेखी पक्कं करा.

तुला मात्र शेवटचं सांगतो. तिकिटाचे पैसे मोजणारा कुणीतरी होता, तुला विमानतळावर सोडणारा कुणीतरी असेल, त्या रात्री तू कुणाच्या तरी घरी जेवला असशील. त्यांतले काही आता म्हातारे झाले असतील. तुझं नाव ज्यांना ठाऊक आहे त्यांनी मरण्याआधी बोलावं. माउंटेड पोलिसांनी ही फाइल अजून बंद केलेली नाही.