25 मिनिटांचा प्लॉट

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागा. बावधन, भूगाव, भुकूम मागे टाका, पिरंगुटचा घाट उतरा, घोटावडे फाट्याला वळा की आलं मुळशी तालुक्यातलं भरे. वाटेतले प्लॉटचे फलक ओरडून सांगतात : चांदणी चौकापासून फक्त 25 मिनिटं.

किती वाजता?

फलकाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. साइट दाखवायला गिऱ्हाइकाला रविवारी सकाळी लवकर नेतात. रस्ता मोकळा, हवा गार, डोंगर हिरवा. नोकरीला मात्र सोमवारी जायचं असतं, सकाळी नऊला, याच रस्त्यानं, उलट्या दिशेनं. सोमवारी नऊला साइट का दाखवत नाहीत? कारण गिऱ्हाईक भूगावातूनच मागे फिरेल.

टॉमटॉमच्या 2024 च्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगात चौथं. दहा किलोमीटरला सरासरी 33 मिनिटं 22 सेकंद. ही सरासरी आहे बरं का, त्यात रात्रीचे रिकामे रस्तेही आले. भरे ते चांदणी चौक हे अंतर दहा किलोमीटरच्या वरच. आणि चांदणी चौकात फार थोड्यांचं ऑफिस आहे. खरं पुणे तिथून पुढे सुरू होतं.

म्हणजे फलकानं प्रवास अर्ध्यावरच संपवला.

चांदणी चौकाचा जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्री पाडला. सगळा महाराष्ट्र टीव्हीसमोर जागा होता. 12 ऑगस्ट 2023 ला नव्या पुलांचं उद्घाटन झालं. चौक मोकळा झाला, हे मान्यच करायला हवं. पण मोकळ्या चौकातून भरधाव निघालेली गाडी पुढे भूगावात अडकते. दोन्ही बाजूंनी दुकानं, मधे जेमतेम रस्ता, त्यात काँक्रीटचे मिक्सर, खडीचे डंपर, कंपन्यांच्या बसगाड्या आणि शनिवार-रविवारी ताम्हिणी घाटाला निघालेलं अर्धं शहर. भूगावच्या बाह्यवळणाची चर्चा तर इथली पोरं शाळेत होती तेव्हापासूनची.

तीच पोरं आता प्लॉटची एजंट आहेत.

चेझारे मार्केट्टी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञानं 1994 साली एक निरीक्षण मांडलं. माणूस रोज सरासरी तासभर प्रवास करतो, पायी असो की मोटारीनं. वाहन वेगवान झालं की तो वेळ वाचवत नाही, घर आणखी लांब नेतो. पुणेकरानं ते खरं करून दाखवलं. पूल रुंद झाले, घर भुकूमवरून भरेला गेलं. फरक एवढाच की मार्केट्टीचा तास आपल्याकडे कधीच मागे पडला.

हिशेब करू या. जाऊन-येऊन रोज अडीच तास धरा. वर्षात कामाचे अडीचशे दिवस धरा. झाले 625 तास. आठ तासांची पाळी धरली तर 78 दिवस. प्लॉट स्वस्त पडला म्हणून पेढे वाटणाऱ्यानं वर्षाला 78 दिवस बिनपगारी काम पत्करलेलं असतं. गृहकर्जाचा तक्ता बँक छापून देते. हा तक्ता कोण देणार?

आणि हे फक्त त्याचे तास झाले. बायकोचं ऑफिस दुसऱ्या टोकाला. मुलगी अंधारात स्कूल बसमध्ये बसते. आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं तर कुणीतरी रजा टाकायची. घर परवडलं म्हणून दुसरी गाडी घ्यावी लागली, आणि तिसरीचा विषय दिवाळीत निघतो.

या माणसाला मी दोष देत नाही. कोथरूडात दोन खोल्यांचं घर घ्यायला दोन पगार कमी पडत असतील तर त्यानं जायचं कुठे? त्याला शहराबाहेर हौसेनं नाही, किमतीनं काढलंय. राग आहे तो त्याला 25 मिनिटं सांगणाऱ्यावर, आणि त्याहून जास्त, ती 25 मिनिटं खरी करण्याची जबाबदारी ज्यांची, त्यांच्यावर.

कुणाची आहे ती जबाबदारी?

इथेच गंमत संपते. बांधकामाची परवानगी पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, देते. कचरा उचलायचा ग्रामपंचायतीनं. रस्ता राष्ट्रीय महामार्ग 753 एफ, म्हणजे त्याचं खातं वेगळं. फाट्यावरून आत वळलं की खातं पुन्हा बदललं. वीज महावितरणची. बस पुणे शहराच्या पीएमपीची, नाहीतर एसटीची, नाहीतर कुणाचीच नाही. सहा दारं ठोठावून संध्याकाळ होते आणि सहावा साहेब पहिल्याकडे जा म्हणतो.

पीएमआरडीए 2015 साली स्थापन झाली. 2021 साली तिचा प्रारूप विकास आराखडा आला. त्यावर हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि 2025 मध्ये सरकारनं तो आराखडाच रद्द केला. दहा वर्षांत आराखडा झाला नाही. सोसायट्या मात्र झाल्या. आधी इमारत, मग रस्ता, शेवटी नकाशा. जगात हे काम उलट क्रमानं करतात.

लोणावळ्याकडे बघा. पुणे–लोणावळा लोकल 1978 मध्ये सुरू झाली. तळेगाव, कामशेत, मळवली ही गावं त्या रुळांवर वाढली. पासवाला माणूस गाडीत डुलकी काढतो, पेपर वाचतो, भजनी मंडळ चालवतो. लोकलच्या फेऱ्या कमी आहेत ही तक्रार खरी, पण तक्रार करायला गाडी तरी आहे. मुळशीच्या या पट्ट्यात रूळ नाहीत. मेट्रो वनाजला थांबते. ती चांदणी चौकापर्यंत नेण्याला केंद्रीय मंत्रिमंडळानं जून 2025 मध्ये मंजुरी दिली. त्यापुढे? त्यापुढे घाट.

मग उरली बस. तिची काय कथा?

एसटीच्या संपाच्या काळात गावांना पीएमपीनं हात दिला होता. संप मिटला आणि नोव्हेंबर 2022 मध्ये पीएमपीनं तोट्याचं कारण देत ग्रामीण भागातले काही मार्ग बंद केले. 1 जून 2025 ला किमान तिकीट पाचाचं दहा झालं. भाडं दुप्पट झालं याचं दुःख आहेच. पण ज्या थांब्यावर गाडीच येत नाही तिथे भाडं किती, याला काय अर्थ?

घोटावडे फाट्यावर सकाळी उभे राहा, पुणं कुणाच्या जिवावर चालतं ते दिसेल. पिरंगुटच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघालेल्या बायका, हातात डब्याची पिशवी, तोंडाला ओढणी. बारावीचा क्लास गाठायचा म्हणून कॉलेजची पोरं. कोथरूडात धुण्याभांड्याची चार कामं धरलेली मावशी, तिला पहिल्या घरी साडेसातला पोचायचंय. सिक्स सीटर येते, आत आधीच नऊ जण. मावशी म्हणते, "सरका की जरा." आणि सगळे सरकतात. शेजारून एकामागून एक मोटारी जातात, प्रत्येकीत एकेक माणूस.

अप-डाऊन करणारे खरे हे. प्लॉट यायच्या कितीतरी आधीपासून. त्यांच्यासाठी ना फलक लागला, ना पूल पाडताना टीव्हीवाले आले.

मुळशीला शहराला देण्याची सवय जुनीच. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीला, इथल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. त्यातूनच पांडुरंग महादेव बापट हे सेनापती बापट झाले. तरीही धरण झालंच. पाणी डोंगरापलीकडे कोकणात भिऱ्याला उतरवलं, वीज मुंबईला गेली, गावं पाण्याखाली गेली. शंभर वर्षांपूर्वी जमीन मुंबईसाठी गेली. आता उरलेली पुण्यासाठी जातेय. पहिल्या वेळी विरोध तरी झाला. या वेळी गुंठ्यानं पैसे मिळतात, म्हणून सगळं शांत आहे. पैसे दोन पावसाळे टिकतात. मग ज्याचं भातखाचर होतं त्याचाच मुलगा त्याच जागेवरच्या सोसायटीत गेटवर बसतो आणि नव्या मालकाच्या गाडीला हात करतो.

हे चित्र ज्याला खुपत नाही त्यानं निसर्गाच्या सान्निध्यात राहण्याच्या गप्पा मारू नयेत.

आणखी एक. हिंजवडी कुठे आहे? पुण्यात? पिंपरीत? नाही, मुळशी तालुक्यात. माणही तिथलंच. जगाची सॉफ्टवेअर जिथे लिहिली जातात तो भाग कागदोपत्री याच तालुक्याचा, आणि भरेहून घोटावडे–माण मार्गे तिकडे जायला पुण्यात शिरावंही लागत नाही. नोकरीजवळ घर हवं म्हणून कुणी भरे निवडलं तर तो शहाणाच म्हणायचा. पण हिंजवडीचं तरी काय झालं? 2025 च्या पावसाळ्यात रस्त्यांची तळी झाली, आणि आयटीतली माणसं आम्हाला महापालिकेत घ्या म्हणू लागली. शिवाजीनगरहून येणाऱ्या मेट्रोचं भूमिपूजन 18 डिसेंबर 2018 ला झालंय. एवढा पैसा, एवढं मनुष्यबळ आणि एवढी दखल मिळालेल्या हिंजवडीची ही गत. मग भरेचं काय व्हायचं?

महापालिकेत जाऊन सुटेल का? 30 जून 2021 ला 23 गावं पुणे महापालिकेत आली. त्यात सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही याच तालुक्यातली. तिथल्या लोकांना विचारा, टँकर बंद झाला का? कर वाढला एवढं नक्की सांगतील.

नव्यानं राहायला आलेल्यांनाही दोन शब्द सुनवायला हवेत. सोसायटीला भिंत आहे, भिंतीला तारा आहेत, गेटला कॅमेरा आहे. गावाच्या जत्रेचा आवाज होतो, अशी तक्रार पोलिसांत जाते. कोंबडा पहाटे आरवतो, याचीही कुरकुर चालते. पण मतदार यादीत नाव अजून कोथरूडचं, गॅसचा पत्ता कोथरूडचा, आधारही तिथलंच. मत तिकडे आणि कचरा इकडे. मग भरेच्या सरपंचानं तुमचं का ऐकावं?

वर्षात निदान चार ग्रामसभा होतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ठरलेल्या तारखा. सगळ्या सुटीच्या. म्हणजे रजा टाकायचीही गरज नाही. त्या दिवशी सोसायटीतली मंडळी कुठे असतात? ताम्हिणीच्या रांगेत.

तिथे बसून मागायचं तरी काय, असं कुणी विचारेल. रुंदीकरण? ते मागायला पुढारी आहेत, ठेकेदार आहेत, त्यांना तुमची आठवण करून द्यावी लागत नाही. मागायची ती मुक्कामी गाडी. गावाकडच्या जुन्या माणसांना ती ठाऊक आहे. रात्री शेवटची फेरी गावात थांबायची, चालक-वाहक देवळात नाहीतर शाळेत झोपायचे आणि पहाटे तीच गाडी दूध, भाजी, विद्यार्थी, नोकरदार घेऊन निघायची. 1948 साली सुरू झालेल्या एसटीनं महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलींचं शिक्षण या एका गाडीवर पार पाडलं. शेवटची गाडी नक्की आहे म्हटल्यावरच घरातून परवानगी मिळायची.

ती गाडी भरेतून आज हवी. पहाटे साडेपाचला कोथरूडकडे, सहाला हिंजवडीकडे, दर अर्ध्या तासाला एक, आणि रात्री साडेदहाला परत येणारी शेवटची. तोटा होईल? होऊ दे. पूल बांधताना नफा-तोटा कुणी विचारला होता? एका बसमध्ये बसलेली पन्नास माणसं म्हणजे भूगावात कमी झालेल्या तीसेक मोटारी. रुंदीकरणाला भूसंपादन लागतं, मोबदला लागतो, कोर्टात तारखा पडतात. बसला डेपोतून निघणारा चालक लागतो.

आणि पीएमआरडीएला एक विचारा. बांधकामाच्या परवानगीची फाइल समोर आली की पाणी कुठून आणणार, हा प्रश्न निदान निघतो तरी. शंभर घरांच्या प्रकल्पाला, इथली माणसं कामावर कशी जाणार, हे का विचारत नाहीत? थांबा कुठे, फेऱ्या किती, शेवटची गाडी किती वाजता, हे लिहून दिल्याशिवाय परवानगी नाही, अशी एक अट घाला. विकासशुल्क घेता ना? त्यातून बस धावू द्या.

तोवर प्लॉट बघायला जाणाऱ्यांनी एवढंच करावं. एजंटाला सांगावं, आम्ही सोमवारी येतो. सकाळी नऊला निघू या भरेहून, तुमच्याच गाडीत. आणि येताना सिक्स सीटरनं.