कमळात रिजेक्शन

वाळूजमध्ये दोन अनोळखी माणसं भेटली की नाव-गाव नंतर निघतं. आधी विचारतात, "शिफ्ट कोणती?" १९८५ साली बजाजचा कारखाना इथे सुरू झाला, त्याच्यामागे लहान-मोठ्या व्हेंडरांची रांग लागली, आणि तेव्हापासून या भागाचं पंचांग फर्स्ट, सेकंड, थर्डवर चालतं. फॅशनचंही तसंच. सकाळी ओअ‍ॅसिस चौकात उभं राहिलं की शर्टाच्या रंगावरून कंपनी कळते आणि शर्टावरच्या तेलावरून हुद्दा. माझ्या शर्टावर तेल नसतं. मी क्वालिटीत आहे. दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा मला पगार मिळतो. तेच काम मी घरी फुकट करतो, अशी बायकोची तक्रार आहे.

अशा माणसाकडे प्रेरणेने यावं असं काही कारण नव्हतं. ती ट्रेनिंगच्या वाटेने आली.

आमच्याकडे दर महिन्याला प्रत्येकाने एक कायझेन द्यायचं असतं. कायझेन म्हणजे कामात केलेली छोटी सुधारणा: आधीचा फोटो, नंतरचा फोटो, मध्ये बाण. माझी कायझेन बरेच महिने एकाच जातीची होती. रजिस्टर डाव्या कपाटातून उजव्या कपाटात, आणि पुढच्या महिन्यात उजव्यातून डाव्यात. शेवटी एचआरच्या लक्षात आलं आणि पुण्याहून एक ट्रेनर बोलावण्यात आले. त्यांनी पडद्यावर चार गोल दाखवले. फॅशन, कला, डिझाइन, प्रवास. रोज या गोलांतून थोडं फिरून यायचं, कल्पना आपोआप सुचतात. "तुम्ही लोक किती भाग्यवान!" ते म्हणाले. "इकडे अजिंठा, तिकडे वेरूळ, पैठण जवळ, गावात हिमरू!" हॉलमधल्या निम्म्या लोकांनी अजिंठा शाळेच्या सहलीनंतर पाहिलं नव्हतं. वेरूळ पाहिलं होतं, पण ते पाहुण्यांना दाखवायला नेलेलं, स्वतः बाहेर गाडीजवळ उसाचा रस पीत थांबून.

सगळ्यांना एकेक कोरी वही मिळाली. बाकीच्यांनी ती पोरांना रफ कामाला दिली. मी एकट्याने तिच्यावर 'प्रेरणा' लिहून खाली पट्टीने रेघ मारली.

सुरुवात फॅशनपासून केली, कारण ती दुकानात मिळते. जुन्या शहरात जाऊन हिमरूचं जाकीट घेतलं. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, तेव्हा त्याच्याबरोबर विणकर आले आणि त्यांच्यामुळे हिमरू इथे रुजलं, असं सांगतात. पुढे राजधानी परत दिल्लीला गेली, कसब मागे राहिलं. एखाद्याला एकदम मोठी प्रेरणा झाली की बाकीच्यांना किती चालावं लागतं, हे तुघलकावरून मला तेव्हाच कळायला हरकत नव्हती. दुकानातल्या चाचांनी जाकीट उलटं करून दाखवलं. हिमरूत उभा धागा सुती असतो आणि नक्षी आडव्या रेशमी धाग्याची. नक्षीत न लागलेला रेशमी धागा मागच्या बाजूला मोकळा सुटलेला असतो, त्यानेच कापड मऊ आणि उबदार होतं. "साब, पीछे से देखो, येईच असल की निशानी है," चाचा म्हणाले. पूर्वी मागाच्या वर एक मदतनीस बसून दोऱ्या उचलायचा आणि खाली विणकर त्या बरहुकूम धागा घालायचा, हेही त्यांनी सांगितलं. मला लगेच आमची लाईन आठवली. फक्त आमच्याकडे वर बसलेला नुसता ओरडतो.

घरी आल्यावर सवयीने व्हर्नियर काढला. एक कुयरी २२ मिलिमीटर, शेजारची साडेबावीस, तिसरी बावीसच्या आत. हाताच्या कामात एवढं चालायचंच, हे डोक्याला कळत होतं, पण हात लाल टॅग शोधत होता. चौथी कुयरी मोजताना व्हर्नियरचा जबडा आतल्या मोकळ्या धाग्यात अडकला, मी ओढला, आणि ती कुयरी अर्धी उसवून आली.

"अहो, घालायला आणलंय का मोजायला?" बायकोने विचारलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी घातलं. गेटवरच्या सिक्युरिटीने "सर, लग्न कुणाचं?" म्हणून पेढ्यांची आशा धरली. आत सेफ्टी ऑफिसरने जाकिटाकडे न बघता थेट भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट केलं: फिरत्या मशीनजवळ सैल कपडे आणि लोंबते धागे नकोत. त्या बोर्डाखालच्या चेकलिस्टवर दर महिन्याला सही मीच करतो. जाकीट त्या दिवसापासून लॉकरमध्ये आहे आणि त्याला आता कटिंग ऑइलचा वास येतो.

मग डिझाइन. पैठणला जाऊन माग पाहून आलो. हिमरूचं जे भूषण, तेच पैठणीत पाप. हातमागाच्या खऱ्या पैठणीत पदरावरचा मोर मागून पाहिला तरी मोरच असतो, कारण वेगवेगळ्या रंगांचे धागे विणतानाच एकमेकांत गुंतवतात, मागे काही लोंबत नाही. लोंबत असेल तर ती मशीनवर विणलेली. इतकी सुटसुटीत तपासणी मी आमच्या क्षेत्रातसुद्धा पाहिलेली नाही. ना गेज, ना मायक्रोमीटर, नुसता पदर उलटायचा. असली तपासणी हातात आल्यावर ती कुणावर तरी करून पाहायला हवी, आणि घरात पैठणी एकच होती. बायकोच्या लग्नात तिच्या मामांनी दिलेली.

मी पदर उलटला. मागे धाग्यांचं जंगल. मी म्हणालो, "ही पावरलूमची आहे."

एवढंच बोललो, पण ते वैजापूरला मामांपर्यंत पोचायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. मामांनी मलाच फोनवर बोलावलं. मोठ्या शांतपणे म्हणाले, "जावईबापू, तुमच्याकडच्यांनी घातलेलं मंगळसूत्र एकदा सोनाराकडून बघून घ्या. मग आपण निवांत साडीचं बोलू."

मी सोनाराकडे गेलो नाही. घरात थांबणं मात्र अवघड झालं, त्यामुळे प्रवासाचा गोल आपोआपच सुरू झाला.

अजिंठ्याला एकटाच गेलो. बजाजनगरातून काळी-पिवळीने शहर, तिथून जळगावकडे जाणारी एसटी, सिल्लोडला भजी, फर्दापूरजवळ उतरून लेण्यांची बस. चित्रांच्या लेण्यात चपला बाहेर, फ्लॅश बंद, आत अंधार. पहिल्या लेण्यात सगळे पद्मपाणीसमोर उभे होते, म्हणून मी वर बघितलं. वर कुणी बघत नाही, त्यामुळे तिथे गर्दी नसते. दुसऱ्या लेण्यातही तेच केलं. तिथे छतावर मोठ्या वर्तुळांच्या मधोमध कमळ आहे, आणि भोवती हंसांची रांग एकामागून एक गोल निघाली आहे. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी अंधारात, उलटा-सुलटा होऊन हे काढलं. भिंतीला माती, भुसा यांचा लेप, वर चुना, आणि रंग बहुतेक आसपासच्या दगडमातीचे. गेरू, पिवळी माती, काजळी. निळा तेवढा लाजवर्द दगडाचा, लांबून मागवलेला. आमच्या भाषेत सांगायचं तर बाकी सगळे लोकल व्हेंडर, एकच आयटम इम्पोर्टेड.

शेजारी एक गाइड दुसऱ्याच कुठल्या तरी ग्रुपला माहिती देत होता. मी त्या ग्रुपच्या काठाला चिकटून फुकट ऐकलं. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या साहेबाला ही लेणी दिसली, आणि त्याने पहिलं काम काय केलं, तर दहाव्या लेण्यात स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. पुढे १८४४ साली रॉबर्ट गिल याला चित्रांच्या नकला करायला नेमलं. त्याने वर्षानुवर्षं इथे काढली, आणि त्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून नव्याने नकला करत बसले. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ साली लंडनलाच आगीत गेल्या. अजिंठ्याची नक्कल करणाऱ्याला ती लाभत नाही, असा याचा सरळ अर्थ निघत होता. मी वही काढली आणि त्या कमळाची नक्कल केली.

छताकडे बघून बघून मान आखडली ती आखडलीच. पुढचे काही दिवस मी हनुवटी वर करून कंपनीत हिंडत होतो. ज्युनियर पोरांमध्ये बातमी पसरली की साहेबांचं प्रमोशन झालं.

तेवढ्यात खंडेनवमी आली. वाळूजच्या कारखान्यांत तो मोठा दिवस. मशीन धुऊन-पुसून घ्यायचं, झेंडूचे हार, केळीचे खुंट, नारळ, हत्यारांना हळद-कुंकू. आमच्याकडे त्यात सजावटीची स्पर्धा असते. मी हात वर केला. मान वरच होती, त्यामुळे हात वेगळा करायचे कष्ट पडले नाहीत.

इन्स्पेक्शन टेबलासमोरच्या मोकळ्या जागेत अजिंठ्याचं कमळ काढायचं ठरलं. रांगोळीला मेंटेनन्सने नकार दिला, पावडर उडून मशीनमध्ये जाते म्हणून. मग स्टोअरमधून जमिनीवर लावायच्या टेपचे रोल काढले. लाल, हिरवा, पिवळा, निळा. अजिंठ्यातल्या कारागिरालासुद्धा इतके रंग एका व्हाउचरवर मिळाले नसतील. सेकंड शिफ्ट संपत आली तेव्हा मी जमिनीवर पालथा पडून कामाला लागलो. टेप सरळ जातो, वळत नाही, हे मला तिथे समजलं. एकेका पाकळीसाठी तो बोटभर तुकड्यांत कापून तिरका तिरका चिकटवावा लागत होता. थर्ड शिफ्टचा परभणीकडचा एक पोरगा कमरेवर हात ठेवून बघत होता.

"सर, काय करायलेत?"

"कमळ."

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "इलेक्शन लागलंय का?"

मी त्याला अजिंठ्याचा इतिहास सांगितला, स्मिथपासून दुसऱ्या आगीपर्यंत. "म्हंजे जुनंच हाय," असं म्हणून तो निर्धास्त झाला आणि रोल धरायला बसला. त्याच्या मदतीने आठ लाल पाकळ्या झाल्या, मध्ये निळा गाभा, पाकळ्यांच्या मधून हिरवी पानं, बाहेर पिवळं कडं. हंस मात्र होईनात. टेपमध्ये हंस कापला की त्याचा बाण होतो. शेवटी बाणालाच पुढे चोच लावली, काळ्या इन्सुलेशन टेपचा डोळा दिला, आणि मध्यरात्रीनंतर कधीतरी घरी जाऊन झोपलो.

सकाळी पूजेच्या आधी फोटो काढायला लवकर पोचलो. कमळ भरलं होतं. प्रत्येक लाल पाकळीत रिजेक्ट झालेले जॉब ओळीने मांडलेले. हिरव्या पानांवर ओके माल. पिवळ्या कड्यात होल्डवर ठेवलेले पीस, निळ्या गाभ्यात पुढच्या ऑपरेशनला जायचे. एकही जॉब चुकीच्या रंगात नव्हता. लाल म्हणजे रिजेक्शन, हिरवा म्हणजे ओके, पिवळा म्हणजे होल्ड, निळा म्हणजे पुढच्या ऑपरेशनचा माल, हे त्या पोरांच्या डोक्यात असं पक्कं बसलेलं की स्वप्नातसुद्धा चुकणार नाहीत. बसवलं होतं कुणी, तर मी. नव्या भरतीचं ट्रेनिंग माझ्याकडेच असतं. हंसांनी तर हद्द केली होती. बाण दिसले म्हणून पॅलेट ट्रकवाला रात्रभर त्यांच्यामागून गोल फिरत माल उतरवत होता.

थर्ड शिफ्टचा सुपरवायझर खुशीत होता. "सर, सिस्टिम जबरदस्त बसवली! कुठल्या पाकळीत कुठला डिफेक्ट टाकायचा, तेवढं कळत नव्हतं. आम्हीच लिहून टाकलं." पाकळ्यांच्या टोकांवर मार्करने लिहिलेलं होतं: ब्लोहोल. डेंट. बर. ओव्हरसाइज. अंडरसाइज. रनआउट. थ्रेड खराब. आठवीवर नुसतंच 'इतर'. मी खाली वाकून बघितलं तर रात्रीचं निम्मं रिजेक्शन एकट्या 'डेंट'च्या पाकळीत. इतके दिवस सगळं एका लाल डब्यात पडायचं आणि आम्ही महिनाअखेरीला अंदाजाने टक्केवारी लिहायचो.

पूजेला प्लँट हेड आले. नारळ फुटला, त्यांची नजर कमळावर गेली. मी अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यापासून सुरुवात करणार, इतक्यात परभणीकर पुढे झाला आणि ट्रे बदलताना डेंट पडतात हे पाकळीकडे बोट करून दोन वाक्यांत सांगून मोकळा झाला. लाल डब्याचा जुना फोटो सापडला, कमळाचा नवा निघाला, मध्ये बाण आला. त्या महिन्याचं पहिलं बक्षीस थर्ड शिफ्टला. कायझेन शीटवर माझंही नाव आहे, 'सहकार्य: टेप चिकटवणे' या रकान्यात.

सजावटीच्या स्पर्धेतून आम्ही बाद झालो, कारण परीक्षकांनी आमची सजावट सजावट म्हणून पाहिलीच नाही. पहिला नंबर टूलरूमचा आला. त्यांनी पुठ्ठ्याचं कैलास लेणं केलं होतं, तेही मूळच्यासारखं कळसाकडून पायाकडे उतरत. पायापर्यंत येता येता पुठ्ठा संपला आणि खालचे हत्ती राहून गेले. झेंडूच्या ढिगात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मी बोललो नाही. मामांच्या फोननंतर मी ऐच्छिक तपासण्या बंद केल्या आहेत.

कमळ मात्र तिथेच राहिलं. आता ते ऑइल पेंटने पक्कं केलंय, लेआउटच्या ड्रॉइंगवर चढलंय आणि त्याला नंबर मिळालाय. परवा कस्टमरचं ऑडिट झालं. ऑडिटर साहेब गुडघ्यावर बसून बराच वेळ पिवळ्या कड्याकडे बघत राहिले. मग वर बघून त्यांनी विचारलं, "बाकी सगळं ठीक आहे, पण या बाणांना डोळा आणि चोच कशासाठी?"

मी खिशातून प्रेरणेची वही काढत होतो. तेवढ्यात परभणीकराने सांगून टाकलं, "सर, पोका-योके हाय, चूक होऊच नये अशी सोय. बाण उलटा वाचू नये म्हणून."

साहेबांनी मान डोलवली आणि तसं लिहून घेतलं.