दहा हजार व्होल्टचे तात्या

सिनेमात बाग दिसली की आपण गाण्याची वाट बघतो. आमच्या आळीतले तात्या अपघाताची वाट बघतात.

उभी नोकरी वीज खात्यात वायरमन म्हणून गेल्यामुळे तात्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत, अर्थिंग केलेल्या आणि न केलेल्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर असतोच. पेन चालत नाही, टेस्टर चालतो. संध्याकाळी नातवाला घेऊन ते थिबा पॉइंटच्या बागेत येतात. समोर भाट्याची खाडी, पूल, बुडता सूर्य. लोक त्याचे फोटो काढत असतात आणि तात्या सूर्याकडे पाठ करून दिव्याच्या खांबाला टेस्टर लावत असतात. खांब पास झाला की मगच नातू घसरगुंडीवर. ज्याच्या नावाचा हा पॉइंट, त्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं, ते १९१६ साली तो वारला तेव्हाच सुटला. पर्यटक हळहळतात. तात्या म्हणतात, "तीस वर्षं बंदोबस्त ठेवला, एक फॉल्ट नाही. याला म्हणतात मेंटेनन्स."

हे सगळं सुरू झालं ते 'जुरासिक पार्क'पासून. सिनेमा १९९३ चा, पण हिंदी बोलायला शिकून आपल्याकडे आला तो १९९४ मध्ये. सगळा गाव डायनासोर बघून आला, तात्या कुंपण बघून आले.

"दहा हजार व्होल्टची पाटी लावल्येय. दहा हजार कुठून आणले मेल्यांनी? लाइन असते अकरा हजारांची. मधले एक हजार कोणी खाल्ले?"

पण व्होल्टेजवर एक वेळ तात्या तडजोड करतील. त्यांचा खरा दावा आहे तो पुढच्या प्रसंगावर, आणि तो आम्ही इतक्यांदा ऐकलाय की आता मूळ सिनेमा आठवत नाही, तात्यांचाच आठवतो. वीज गेलेली. एक शास्त्रज्ञ बाई शेडमध्ये जाऊन एकेक ब्रेकर चढवत्येय. त्याच वेळी तिकडे प्रोफेसर आणि दोन पोरं तेच कुंपण ओलांडताहेत. दोघं उतरली, धाकटा अजून तारेवर लटकलेला. टॉकीजमध्ये सगळ्यांनी श्वास रोखलेला असताना तात्या खुर्चीतून उठले आणि पडद्यावरच्या बाईला म्हणाले, "अगो, परमिट घेतलंस काय?"

माणूस लाइनवर चढला की त्याच्या नावे परमिट निघतं. तो उतरून, ते परत करून, सही होईपर्यंत लाइन चालू करायची नाही. "सबस्टेशनवाला तेव्हा बापाचं ऐकत नाही," तात्या सांगतात. "आणि इथे अख्ख्या बेटावर एक परमिट बुक नाही! डायनासोर कसले सोडता? आधी स्टेशनरी मागवा." त्यातून तो पोरगा शॉक खाऊन पडतो, प्रोफेसर छाती दाबतो, आणि थोड्या वेळाने पोरगा टेबलापाशी बसून खात असतो! तात्यांनी लाइनवर माणसं गेलेली पाहिली आहेत. त्या जागी ते हसत नाहीत, आम्हीही हसत नाही.

त्या पार्कचा मालक खर्चात कुठे हात आखडला नाही म्हणून मिरवतो, आणि अख्ख्या बेटाचा कॉम्प्युटर मात्र पगारावरून कुरकुरणाऱ्या एकाच माणसाच्या हातात. तो चोरी करायला वीज घालवतो आणि पुढची बोंब होते. वर वादळ आलं म्हणून बाकीचा स्टाफ बोटीने घरी! इथे तात्यांचा आवाज चढतो. "वादळ आल्यावर घरी? आमची ड्युटीच वादळाला सुरू व्हायची. २००९ च्या फयानला घराचं तोंड बघितलं नव्हतं मी." मग दमाने सांगतात, "आमच्याकडे मृगाची पहिली सर आली की लाइट जाते. सुटतं काय? डास."

'जुरासिक पार्क'चा लेखक मायकल क्रायटन याने त्या सिनेमाआधी वीस वर्षं, १९७३ साली, 'वेस्टवर्ल्ड' नावाचा सिनेमा स्वतःच काढला होता, असं मी एकदा बोलून गेलो. त्यातही करमणुकीचं पार्कच, फक्त डायनासोरांऐवजी यंत्रमाणसं बिथरतात. तात्या म्हणाले, "म्हणजे पहिल्या अपघाताचा चौकशी अहवाल वाचलाच नाही कोणी."

तात्यांकडे असे सिनेमे बघायला शेजारचे बागायतदारही येऊन बसतात. 'द हॅपनिंग' लागला होता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये माणसं जागच्या जागी थिजतात आणि मग जीव देऊ लागतात, कारण झाडांनी माणसांवर सूड उगवलेला असतो. बागायतदार शांतपणे म्हणाले, "यात नवीन काय? आमचा हापूस वर्षाआड हेच करतो." हिचकॉकच्या 'द बर्ड्स'मध्ये शाळेच्या अंगणात पोरांच्या खेळायच्या सांगाड्यावर एकेक करून कावळे जमतात. तेव्हा काकू स्वयंपाकघरातून डोकावल्या. "बोलावल्याशिवाय एवढे? पितृपक्षात आम्ही ताट घेऊन काव काव करतो तेव्हा एक फिरकत नाही." एवढं बोलून त्या आत गेल्या. भीती बाळगायला घरात माणूसच उरला नाही.

'फायनल डेस्टिनेशन'च्या तिसऱ्या भागानंतर मात्र तात्यांनी जत्रेत जाणं कठीण करून ठेवलं. त्यात एका मुलीला रोलर कोस्टर कोसळायच्या आधीच अपघात दिसतो. "दिसायला कशाला पाहिजे? पाना फिरव, कळतंय!" म्हणून हे पाना घेऊन जत्रेत. रांग खोळंबली आहे, पाळणा थांबवलेला आहे आणि तात्या उकिडवे बसून बोल्ट ठोकून बघताहेत. ठण् वाजला तर घट्ट, बद्द वाजला तर ढिला. पाळणेवाला वैतागून म्हणाला, "काका, बसायचं तर बसा." तात्या म्हणाले, "तू बसतोस काय यात?" तो गप्प झाला आणि आतून मोठा पाना घेऊन आला. तीन बोल्ट आवळले गेले. तात्या विचित्र आहेत हे मला मान्य आहे, पण त्या पाळण्यात त्यानंतरच बसलो.

'जुरासिक वर्ल्ड'ला तात्या आशेने गेले होते. मालक इरफान खान, म्हणजे आपला माणूस. तर तोच मालक पुरता परवाना हाती नसताना स्वतः हेलिकॉप्टर उडवायला बसतो आणि जातो. "मालकाने खांबावर चढू नये," एवढंच म्हणून तात्या घरी आले आणि न जेवता झोपले.

त्यांना मनापासून आवडलेला सिनेमा एकच, २००५ चा 'काल'. जंगल, वाघ, आणि अजय देवगणचं भूत. समीक्षकांनी त्याला काय म्हटलं ते जाऊ दे. ते भूत पूर्वी गाइड होतं, आणि जंगलात येऊन नियम मोडणाऱ्यांनाच ते मारतं. तात्यांचे डोळे पाणावले. "बघ, मेल्यावरही ड्युटीवर आहे माणूस."

काकू म्हणाल्या, "तुम्ही तरी दुसरं काय करणार आहात? मेल्यावरही बागेतले खांबच तपासत फिराल."

तात्यांनी टेस्टर काढून त्याचं टोक शर्टाला पुसलं. "रात्रपाळी मिळाली तर बरं," ते म्हणाले. "दिवसा लाइन बंद देत नाहीत."