काळ्या डब्याला नारळ

प्रति,
एअर फिल्टरचा काळा डबा,
मु. बॉनेटखाली, पुणे.

विषय : आपणांस सेवामुक्त करण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. येत्या रविवारी सकाळी भोसरीच्या एका गॅरेजात आपल्याला नारळ देण्यात येणार आहे. आपल्या जागी एक चकचकीत अॅल्युमिनियमची नळी आणि तिच्या टोकाला लाल सुती जाळीचा शंकू अशी जोडी रुजू होत आहे. तिला कोल्ड एअर इनटेक म्हणतात. आमची व्ही-क्रॉस पिकअप शोरूममधून निघाली तेव्हापासून तिला हवा गाळून देण्याचं काम आपण करत आहात आणि आजवर आपली एकही तक्रार आलेली नाही. आमचा मुख्य आक्षेप तोच आहे. तुम्ही आहात हे कुणाला कळतच नाही.

गॅरेजवाले म्हणाले, "साहेब, कंपनीनं गाडीचा गळा आवळून ठेवलाय, मोकळा करू." गाडीची इतकी काळजी आजवर कुणी केली नव्हती. आम्हाला भरून आलं आणि आम्ही आगाऊ रक्कमही दिली. ती पाच आकडी आहे. तेवढ्यात तुमचे कागदी फिल्टर गाडी मोडीत निघेपर्यंत पुरले असते. पण कागदाला काय शोभा?

आता 'कोल्ड'विषयी. नवीन उमेदवार थंड हवा ओढतो, म्हणजे तुम्ही गरम ओढत असणार, असा आमचा समज होता. प्रत्यक्षात बॉनेट उघडून पाहिलं तर तुमचं नाक मडगार्डच्या बाजूला वळलेलं, बाहेरची हवा घेतंय. आणि नवा लाल शंकू? तो इंजिनाच्या शेजारी उघडाच बसणार. चांदणी चौकात गाड्या खोळंबल्या की टर्बो आणि एक्झॉस्टच्या भट्टीतली हवा हाच ओढत राहणार. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तरी किटसोबत पत्र्याचा एक आडोसा येतो म्हणे. उष्णतेने त्याचा मान राखावा, अशी अपेक्षा आहे.

आमच्या एका इंजिनिअर भाच्याने या निर्णयात फार व्यत्यय आणला. त्याचं म्हणणं असं : मामा, तुझी गाडी १.९ लिटरची टर्बो डिझेल आहे. १६३ अश्वशक्ती आणि ३६० न्यूटन मीटर टॉर्क हे आकडे डब्याने ठरवलेले नाहीत, ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, ठरवले आहेत. टर्बो हवा ओढून दाबतो तेव्हा ती उकळत्या पाण्याहून गरम होऊ शकते, मग इंटरकूलर तिला निववतो. म्हणजे सुरुवातीला चार-पाच अंश वाचवलेस तरी पुढे त्यातलं फारसं उरत नाही. त्यानंतर सेन्सर दाब मोजतो, आणि जेवढा दाब हवा तेवढाच मिळेल अशी टर्बोची पाती ईसीयू फिरवतो. नळी मोकळी केलीस तर टर्बोला किंचित कमी कष्ट पडतील, एवढंच. डिझेल तितकंच सुटणार, ताकद तितकीच राहणार. ताटात वाढणारा ईसीयू आहे, डबा म्हणजे नुसतं स्वयंपाकघराचं दार. दार रुंद केल्याने पोळी जास्त मिळत नाही. जास्त हवी तर ईसीयूचा रिमॅप कर, आणि मग वॉरंटीला हात जोड.

भाच्याला आम्ही ताकद मोजणाऱ्या डायनोचा आलेख दाखवला. नळी बसवल्यावर रेघ वर गेलेली स्पष्ट दिसते. तो म्हणाला, फोटो नीट बघ, बॉनेट उघडं आहे आणि समोर माणसाएवढा पंखा लावलाय. आम्ही वाद घातला नाही. यापुढे एक्सप्रेसवेवर बॉनेट उघडं ठेवूनच जायचं ठरवलं आहे. समोरचं दिसणार नाही, पण अश्वशक्ती मिळेल.

अमेरिकेतल्या तुमच्या भाऊबंदांची गोष्ट थोडी वेगळी आहे, हे न्यायाने सांगायला हवं. हा लाल शंकू तिकडचाच. के अँड एन ही त्यातली नावाजलेली कंपनी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला सुरू झाली. तिकडच्या अनेक पिकअपमध्ये पाच-सहा लिटरचं बिनटर्बोचं पेट्रोल व्ही-८ इंजिन असतं. त्याला वातावरणाच्या दाबावरच पोट भरायचं असतं, म्हणून पॅडल तळाला टेकवून इंजिन शिगेला नेलं की वाटेतला प्रत्येक अडसर जाणवतो. तिथे या नळीने थोडी अश्वशक्ती वाढते, खोटं नाही. पण ती वाढते शर्यतीच्या आरपीएमला. बोट मागे बांधून तळ्यावर निघालेला माणूस तिथवर जातो कशाला? आणि २०११ मध्ये फोर्डने एफ-१५० मध्ये टर्बोचं व्ही-६ आणलं, तेव्हापासून तिकडेही भाच्याचं गणित लागू पडू लागलं. शिवाय कॅलिफोर्नियात असला भाग रस्त्यावरच्या गाडीला बसवायचा तर तिथल्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो.

मायलेज वाढेल, असंही आम्हाला सांगण्यात आलं. याबाबत ओक रिज या अमेरिकन सरकारी प्रयोगशाळेने फार नतद्रष्टपणा केला आहे. २००९ मध्ये त्यांनी फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचे फिल्टर मुद्दाम चोंदवून पाहिले, तरी मायलेज जागचं हललं नाही. फक्त गाड्या वेग हळू घेऊ लागल्या. चोंदलेल्या फिल्टरने जे घटत नाही ते मोकळ्या फिल्टरने वाढावं कसं, हा प्रश्न आम्ही गॅरेजवाल्यांना विचारला. त्यांनी चहा मागवला.

तेव्हा खरं कारण सांगतो. आवाज. तुमच्या पोटात आणि नळ्यांना चिकटलेल्या त्या फुगीर पोकळ्यांमध्ये टर्बोची शिट्टी जिरून जाते. हे तुम्ही कुणाला विचारून करता? एवढी महागडी गाडी घेऊन सोसायटीत शिरावं आणि वॉचमनने मान वर करू नये? नवी नळी पॅडल दाबलं की शिट्टी मारते, सोडलं की फुस्स करते. आवाज वाढला की गाडी जोरात सुटल्यासारखी वाटते. स्पीडोमीटरला तसं वाटत नाही, पण त्याला भावना नाहीत. रविवारी लोणावळ्याला मिसळ खायला सगळे जमतात, बॉनेटं उघडली जातात. काळ्या प्लास्टिकच्या डब्यासमोर कुणी मोबाइल काढत नाही.

उरला प्रश्न धुळीचा. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो आणणाऱ्या बोलेरो पिकअपवाल्याला आम्ही या नळीबद्दल विचारलं. कागदोपत्री दीड टन आणि प्रत्यक्षात देव जाणे किती, एवढा माल तो रोज ओढतो. तो म्हणाला, "अन् धूळ कोण खाणार?" तुमचा कागद जसजसा मळतो तसतसा अधिक बारीक गाळतो, ही तुमची एक चिकट सवय. सुती जाळीला तेल पाजावं लागतं. ते जास्त झालं की उडून हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसतं, ईसीयूचं डोकं फिरतं आणि डॅशबोर्डवर पिवळं इंजिन उगवतं. उजेड तेवढाच जास्त. आणि ताम्हिणीत आषाढातल्या पाण्यातून गाडी घालताना शंकू बुडाला तर? पाणी इंजिनात शिरतं, ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो, आणि नेहमीच्या विमा पॉलिसीत तो खर्च बसत नाही. पण मग आम्ही वेगळा स्नॉर्केल घेऊ. त्याचेही फोटो चांगले येतात.

आपल्याला भंगारात देणार नाही, निश्चिंत असा. गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवू. वॉरंटीतल्या प्रत्येक सर्व्हिसिंगच्या आदल्या रात्री आपण हजर व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी गपचूप माळ्यावर जायचं. याचं मानधन मिळणार नाही.

कळावे,
आपला,
एक पिकअपमालक

ता. क. : जाताना आपला एमएएफ सेन्सर, रबरी वायसर आणि स्क्रू इथेच ठेवून जाणे. किटमध्ये ते आलेले नाहीत. नव्या नळीवर तुमचेच बसवा, असं सोबतच्या कागदावर लिहिलं आहे.